बदलीची शिक्षा आणि रानडे यांचे उत्तर

एप्रिल-मे महिने आले, की सरकारी कचेऱ्यांतून आणि शाळांतून परीक्षेच्या निकालाइतकीच चर्चा बदल्यांच्या याद्यांची सुरू होते. या चर्चेत जव्हार आणि मोखाडा ही दोन नावे हमखास येतात आणि ती बहुधा एकाच अर्थाने येतात. साहेबांची खप्पा मर्जी झाली म्हणजे जव्हारचा रस्ता धरावा लागेल, असे ठाण्या-पालघरकडील कारकून अर्ध्या थट्टेने आणि अर्ध्या धास्तीने बोलतो. येथील शाळेत शिकविणाऱ्या, तहसील कचेरीत टपाल नोंदविणाऱ्या किंवा पंचायत समितीत बिले तपासणाऱ्या माणसाला तो येथवर कसा आला हे विचारावे, तर पुष्कळदा त्या हकिकतीच्या मुळाशी कोणा वरिष्ठाशी उडालेला एखादा खटका सापडतो.

वरिष्ठाशी पटत नाही, ही तक्रार नोकरीइतकीच जुनी आहे. कायद्याने तिच्यावर काही उपाय योजिले आहेत. महाराष्ट्रात २००५ साली सरकारी कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचे विनियमन करणारा अधिनियम झाला. एका पदावरील सर्वसाधारण कालावधी तीन वर्षांचा असावा, बदल्या एप्रिल वा मे महिन्यात व्हाव्यात आणि मुदतीपूर्वी बदली करावयाची झाल्यास तिची कारणे लेखी नोंदवावीत, असे बंधन त्याने घातले. तथापि कायदा बदलीची तारीख ठरवू शकतो, वरिष्ठाचा स्वभाव ठरवू शकत नाही. संशयी, अहंमन्य किंवा आकसखोर अधिकाऱ्याच्या हाताखाली दिवस कसे काढावेत, हा प्रश्न ज्याचा त्यालाच सोडवावा लागतो. अशा वेळी उपदेशापेक्षा एखाद्याचे चरित्र अधिक उपयोगी पडते. महादेव गोविंद रानडे यांचे चरित्र या दृष्टीने फारसे वाचले जात नाही. न्यायमूर्ती, समाजसुधारक आणि हिंदी अर्थशास्त्राचे प्रवर्तक म्हणून आपण त्यांना ओळखतो. परंतु रानडे हे तीस वर्षांहून अधिक काळ सरकारी नोकर होते आणि त्यातील ऐन उमेदीची काही वर्षे त्यांनी वरिष्ठांच्या उघड संशयाखाली काढली, ही गोष्ट मागे पडते.

पहिला धडा

रानडे यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी नाशिक जिल्ह्यातील निफाड येथे झाला. वडील गोविंदराव नोकरीपेशाचे होते आणि पुढे कोल्हापूर संस्थानात त्यांची नोकरी झाल्याने मुलाचे बालपण कोल्हापुरात गेले. मुंबई विद्यापीठाच्या १८५९ मधील पहिल्याच मॅट्रिक परीक्षेत रानडे उत्तीर्ण झाले. १८६२ साली ते बी. ए. झाले, १८६४ साली एम. ए. आणि १८६६ साली एल्एल. बी. वाचनाच्या अतिरेकाने डोळे अधू झाले होते आणि ते दुखणे त्यांना जन्मभर पुरले.

याच विद्यार्थिदशेत सत्तेच्या रोषाची पहिली चुणूक त्यांना मिळाली. एल्फिन्स्टन महाविद्यालयात असता त्यांनी एका निबंधात मराठी राज्याची इंग्रजी राज्याशी तुलना केली आणि ती मराठी राज्याला अनुकूल अशी केली. प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट हे विद्वान होते आणि या विद्यार्थ्यावर त्यांचा लोभही होता. पण हा निबंध त्यांना रुचला नाही. त्यांनी रानडे यांची शिष्यवृत्ती सहा महिने बंद केली. गरीब नसले तरी श्रीमंतही नसलेल्या विद्यार्थ्याला हा दंड लहान नव्हता. येथे दोन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. रानडे यांनी आपले मत बदलले नाही. पुढे १९०० साली मराठी सत्तेच्या उदयावरील त्यांचा जो इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला, त्याच्या मुळाशी तीच दृष्टी आहे. दुसरे असे, की ग्रँट यांच्याविषयीचा आदरही त्यांनी सोडला नाही. एखाद्या माणसाने आपल्यावर अन्याय केला म्हणून त्याच्यापाशी शिकण्यासारखे काही उरत नाही, असे त्यांनी मानले नाही. मत आणि राग यांची गल्लत न करण्याची ही सवय पुढे त्यांच्या फार उपयोगी पडली.

शिक्षण संपल्यावर काही काळ सरकारी भाषांतरकार, काही काळ संस्थानी नोकरी, मग एल्फिन्स्टन महाविद्यालयात अध्यापन असा प्रवास करीत ते १८७१ साली पुण्यास प्रथम वर्गाचे दुय्यम न्यायाधीश म्हणून आले. त्याच वर्षी ते अॅडव्होकेटची परीक्षाही उत्तीर्ण झाले होते. म्हणजे नोकरी नकोशी झाल्यास मुंबईच्या उच्च न्यायालयात वकिली करण्याचा राजमार्ग त्यांना मोकळा होता. हा तपशील महत्त्वाचा आहे. पुढे त्यांनी जे सोसले, ते दुसरा उपाय नव्हता म्हणून सोसले, असे म्हणता येत नाही.

वरिष्ठ का बिथरले?

पुण्यात १८७० साली स्थापन झालेल्या सार्वजनिक सभेला गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, यांनी अंग दिले होते. रानडे यांनी तिला अभ्यासाची शिस्त लावली. शेतसारा, कर्ज, व्यापार अशा विषयांवर माहिती गोळा करावी, आकडे तपासावेत आणि मगच सरकारकडे अर्ज करावा, ही पद्धत त्यांची. हे सर्व काम सरकारी न्यायाधीश आपल्या फावल्या वेळात करीत होता, आणि उघड नाव न लावता करीत होता. पण ते कोणाचे काम आहे, हे अधिकाऱ्यांना ठाऊक होते.

१८७६ ते १८७८ या काळात दख्खनवर भीषण दुष्काळ पडला. दुष्काळी कामांवरील खर्चास आळा घालण्यासाठी हिंदुस्थान सरकारने सर रिचर्ड टेंपल यांस पाठविले आणि त्यांनी मजुरांची मजुरी दिवसाकाठी पौंडभर धान्य व वर थोडी रोकड इतकी खाली आणली. अंगमेहनत करणाऱ्या माणसाला एवढे पुरणार नाही, हे सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती देऊन दाखविले. दख्खनमधील कित्येक कामांवरून मजूर उठून गेले. सभेच्या या टिपणांत शिवीगाळ नव्हती, केवळ आकडे आणि हकिकती होत्या. अधिकाऱ्याला शिवी सहन होते, कारण तिच्यापायी शिक्षा करता येते. बिनचूक आकड्याला शिक्षा करता येत नाही आणि म्हणून त्याचा डंख अधिक काळ राहतो. हेच टेंपल साहेब १८७७ साली मुंबई इलाख्याचे गव्हर्नर झाले. पुण्यातील ब्राह्मण मंडळींच्या निष्ठेविषयी त्यांच्या मनात खोल अविश्वास होता आणि तो त्यांनी १८७९ साली व्हाइसरॉयला लिहिलेल्या पत्रात व्यक्तही केला. थोडक्यात, ज्याच्या हिशेबातील चूक आपण दाखविली, तोच आपला सर्वोच्च वरिष्ठ व्हावा, अशी रानडे यांची स्थिती झाली.

१८७८ च्या आरंभी रानडे यांची नाशिकला बदली झाली. त्यांच्या न्यायालयीन कामात दोष काढण्यास जागा नव्हती. पुण्यातून त्यांना हलविले म्हणजे सभेचा प्राण हलविला, हा हिशेब उघड होता. आजच्या कचेरीतही असा हिशेब पुष्कळदा होतो. माणूस कामचुकार असतो म्हणून दूर धाडला जातो, असे नेहमीच नसते. त्याच्याभोवती चार माणसे जमतात, हे वरिष्ठाला खटकलेले असते.

नाशिकातील वर्ष

बदलीचा हुकूम आला, की माणसाच्या मनात तीन विचार येतात. हुकूम रद्द करवून घ्यावा, रजेवर जावे, किंवा जाऊन तेथे दिवस मोजीत बसावे. रानडे नाशिकला गेले आणि त्यांनी कामाला सुरुवात केली. न्यायालयाचे काम तर त्यांनी निष्ठेने केलेच. पण ज्या कामावरून त्यांना तोडावयाचे होते, ते पुण्यातील कामही थांबले नाही. सार्वजनिक सभेचे इंग्रजी त्रैमासिक याच १८७८ साली निघाले आणि त्यातील कितीतरी लेख रानडे यांनी लिहिले. लेखांवर नाव नसे. दूर राहून लेखणीने काम करता येते आणि लेखणीची बदली करता येत नाही, हे सरकारच्या लक्षात यावयास थोडा वेळ लागला. त्याच वर्षी मे महिन्याच्या सुटीत ते पुण्यास आले आणि लोकहितवादींच्या सहकार्याने ११ मे रोजी हिराबागेत त्यांनी मराठी ग्रंथकारांची सभा भरविली. आज ज्याला आपण मराठी साहित्य संमेलन म्हणतो, त्या परंपरेचा आरंभ असा बदली झालेल्या एका न्यायाधीशाच्या सुटीत झाला आहे.

नाशिकात त्यांनी आणखी एक काम केले आणि ते घरातले होते. पत्नी रमाबाई यांचे शिक्षण त्यांनी अधिक नेटाने चालविले. पुण्यातील मोठ्या कुटुंबात वडीलधाऱ्या स्त्रियांच्या नापसंतीमुळे जे अवघड होते, ते परगावच्या बिऱ्हाडात सोपे झाले. नाशिक-धुळ्याच्या त्या दिवसांत रमाबाई इंग्रजी शिकू लागल्या आणि सभेत चार शब्द बोलण्याचे धैर्यही त्यांना तेव्हाच आले. पुढे १९०९ साली पुण्यास सेवासदन उभे करणाऱ्या रमाबाई घडल्या, त्यात या सक्तीच्या परगावी राहण्याचा वाटा मोठा आहे. सरकारने नवऱ्याला शिक्षा म्हणून दूर धाडले आणि त्यातून महाराष्ट्राला एक कर्तबगार स्त्री मिळाली, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती होणार नाही.

संशयाची परिसीमा

१८७९ साल उजाडले ते वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडाने. फडके हे पुण्यास लष्करी खात्याच्या हिशेब कचेरीत कारकून होते. आई अत्यवस्थ असता त्यांना वेळेवर रजा मिळाली नाही आणि आईची शेवटची भेट हुकली, ही जखम त्यांच्या मनात खोल गेली होती. पुढे रानडे यांची व्यापारावरील व्याख्याने त्यांनी ऐकली, देश दरिद्री का होत आहे ते त्यांना कळले, आणि दुष्काळातील हाल पाहून ते शस्त्र घेऊन उठले. जुलै १८७९ मध्ये ते पकडले गेले आणि १८८३ च्या फेब्रुवारीत एडनच्या तुरुंगात मरण पावले.

याच सुमारास मे १८७९ मध्ये पुण्यातील बुधवारवाडा आणि विश्रामबागवाडा यांना आगी लागल्या. अधिकाऱ्यांची झोप उडाली. या सर्वांमागे कोणी सुशिक्षित सूत्रधार असला पाहिजे, असे त्यांना वाटू लागले आणि सुशिक्षितांत पहिले नाव रानडे यांचेच होते. न्यायालयांना सुटी असतानाच त्यांना धुळ्यास ताबडतोब रुजू होण्याचा हुकूम निघाला. खानदेशचा उन्हाळा, अधू डोळे आणि संशयाचे वातावरण अशा स्थितीत रानडे सवलत न मागता धुळ्यास गेले.

धुळ्यात जे घडले, ते रमाबाईंनी १९१० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत सांगितले आहे. रानडे यांचे टपाल उशिरा येऊ लागले, कारण ते वाटेत उघडून वाचले जाई. बंडवाल्यांच्या नावाने काही पत्रे त्यांना येऊ लागली. त्यात दरोड्यांचे बेत आणि भेटीगाठींची माहिती असे. पत्रे खरी असोत की खोटी, त्यांचा हेतू पारखण्याचा होता. रानडे यांनी ती पत्रे दडवून ठेविली असती, तर संशयाला पुरावा मिळाला असता. रागाने फाडून टाकली असती, तरी तेच झाले असते. त्यांनी ती लिफाफ्यासकट पोलिसांकडे पाठवून दिली आणि नंतर दुसरे पत्र आले, तेही तसेच पाठविले. काही महिन्यांनी एका इंग्रज अधिकाऱ्याने त्यांच्याशी मोकळेपणाने बोलून संशय फिटल्याचे सूचित केले. रानडे यांनी त्या अधिकाऱ्याची खुशामत केली नाही आणि त्याच्यावर उपकाराचे ओझेही टाकले नाही.

यातील व्यवहारज्ञान लक्षात घेतले पाहिजे. संशयी वरिष्ठाला कनिष्ठाकडून दोनच गोष्टी हव्या असतात. एक तर तो नमला पाहिजे किंवा त्याच्या हातून चूक झाली पाहिजे. नमला तर प्रश्न मिटतो आणि चुकला तर त्याच्यावर कारवाई करता येते. रानडे यांनी यांपैकी एकही गोष्ट वरिष्ठांना दिली नाही. त्यांचा कागद स्वच्छ राहिला, काम वेळेवर झाले आणि मत जागच्या जागी राहिले.

तीन वाटा

त्याच काळी त्याच शहरात याच प्रश्नाला मिळालेले आणखी एक उत्तर आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकर हे पुण्यातील सरकारी शाळेत शिक्षक होते. १८७४ पासून त्यांची निबंधमाला निघत होती आणि तिचा सूर सरकारला मानवणारा नव्हता. त्यांची रत्नागिरीस बदली झाली. शास्त्रीबुवांनी १८७९ साली नोकरी सोडली आणि टिळक प्रभृतींसह १८८० च्या जानेवारीत न्यू इंग्लिश स्कूल काढले. पुढच्याच वर्षी केसरी आणि मराठा ही पत्रे निघाली. १८८२ साली, वयाची बत्तीस वर्षेही पुरी होण्यापूर्वी, चिपळूणकर वारले. पण तेवढ्या अवधीत त्यांनी जे उभे केले, ते नोकरीत राहून उभे राहिले नसते.

आल्बर्ट हिर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात अशा प्रसंगांची एक सोपी मांडणी केली आहे. संस्थेचे काम बिघडले, की तीतील माणसापुढे बाहेर पडणे आणि आवाज उठविणे असे दोन मार्ग असतात. यांपैकी तो कोणता निवडील, हे त्याच्या मनातील निष्ठेवर आणि बाहेर पडण्याच्या किमतीवर अवलंबून असते. चिपळूणकर बाहेर पडले. रानडे आत राहून बोलत राहिले. फडके यांना दोन्ही मार्ग खुंटलेले दिसले. तिघांच्याही मनात देशाविषयीची तळमळ सारखीच होती आणि तिघांचेही उपकार महाराष्ट्रावर आहेत. यात श्रेष्ठ-कनिष्ठ ठरविण्याचा खटाटोप व्यर्थ होय. मात्र सामान्य नोकरदाराला यातून एक विवेक घेता येतो. बाहेर पडावयाचे असेल, तर पुढे काय उभारावयाचे ते ठरवून बाहेर पडावे, जसे चिपळूणकर पडले. आत राहावयाचे असेल, तर आपले काम कोणते ते ठरवून राहावे, जसे रानडे राहिले. आत राहून नुसते कुढणे आणि बाहेर पडून नुसते भटकणे, या दोहोंना या थोर मंडळींचा दाखला देता येणार नाही.

आत राहून बोलण्याविषयी रानडे यांची दृष्टी विशेष होती. सार्वजनिक सभेच्या लांबलचक अर्जांना सरकार दोन ओळींची पोच देत असे. या परिश्रमाचा उपयोग काय, असा प्रश्न तरुण गोपाळ कृष्ण गोखले यांना पडला, तेव्हा रानडे यांनी त्यांना समजाविले, की हे अर्ज नावापुरते सरकारला असतात. लोकांनी विचार कसा करावा हे लोकांना कळावे, यासाठी ते लिहावयाचे असतात. वरिष्ठाकडे केलेली तक्रार फेटाळली गेली तरी ती नेमकी, नम्र आणि पुराव्यानिशी लिहिलेली असेल, तर ती फुकट जात नाही. आज नाही तर उद्या ती फाइल दुसरा कोणी उघडतो.

साहेब बदलतो

आणि तसेच झाले. १८८० साली टेंपल गेले आणि नवे गव्हर्नर आले. १८८१ च्या आरंभी रानडे यांस मुंबईस प्रेसिडेन्सी मॅजिस्ट्रेटच्या जागेवर हंगामी नेमणूक मिळाली. त्यानंतर दख्खनच्या शेतकऱ्यांना सावकारी कर्जातून दिलासा देण्यासाठी १८७९ साली झालेल्या कायद्याच्या अंमलबजावणीचे काम त्यांच्याकडे आले. पुणे, सातारा, अहमदनगर, सोलापूर या जिल्ह्यांतून हिंडून न्यायालयांचे काम तपासावयाचे आणि शेतकऱ्याची खरी स्थिती पाहावयाची, असे ते काम होते. ज्याच्यावर शेतकऱ्यांना चिथावल्याचा संशय घेतला होता, त्यालाच शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा राबविण्यास पाठवावे लागले. १८८५ साली ते मुंबईच्या कायदे कौन्सिलात गेले. १८९३ च्या सप्टेंबरात काशिनाथ त्र्यंबक तेलंग निवर्तले आणि त्यांच्या जागी रानडे मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. १८९२ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी हिंदी अर्थशास्त्रावर जे व्याख्यान दिले, त्यात इंग्लंडातील अर्थशास्त्राचे सिद्धांत सर्व देशांना व सर्व काळांना सारखेच लागू पडत नाहीत, असे त्यांनी निक्षून प्रतिपादिले. सरकारी धोरणाच्या मुळावरच घाव घालणारे हे व्याख्यान सरकारी न्यायाधीशाने दिले होते. १६ जानेवारी १९०१ रोजी रानडे यांचा अंत झाला, तेव्हा ते न्यायमूर्तीच होते.

नाशिकच्या हुकुमापासून मुंबईच्या नेमणुकीपर्यंत उणीपुरी तीन वर्षे लागली. त्या तीन वर्षांत रानडे खचले असते किंवा कडवट झाले असते, तर पुढची वीस वर्षे महाराष्ट्राला मिळाली नसती. वरिष्ठाची मुदत आपल्या कामाच्या मुदतीहून बहुधा लहान असते. हे साधे सत्य त्रासाच्या दिवसांत नेमके विसरले जाते.

जुळवून घेण्याची किंमत

तथापि रानडे यांच्या या वृत्तीचे केवळ गुणगान करून थांबणे अप्रामाणिकपणाचे होईल. जुळवून घेण्याची सवय माणसाला कधी कधी नको तेथेही जुळवून घ्यावयास लावते. १८७३ साली त्यांची पहिली पत्नी वारली. रानडे हे विधवाविवाहाचे पुरस्कर्ते होते आणि त्यांनी विधवेशीच विवाह करावा, ही स्नेह्यांची अपेक्षा रास्त होती. वडिलांनी मात्र घाईने अकरा वर्षांच्या मुलीशी त्यांचे लग्न ठरविले. रानडे यांनी विनवण्या केल्या आणि अखेर वडिलांपुढे मान तुकविली. ती मुलगी म्हणजे रमाबाई. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमधील चहापानावरून ग्रामण्य झाले, तेव्हा प्रथम त्यांनी प्रायश्चित्त घेतले नाही. पण १८९२ साली मित्रांच्या अडचणीसाठी तेही घेतले. सुधारक मंडळी त्यांच्यावर रुष्ट झाली आणि तो रोष निराधार नव्हता.

सरकारपुढे जो माणूस वाकला नाही, तो वडिलांपुढे आणि मित्रांपुढे वाकला. ज्या प्रसंगी झीज स्वतःची होती, त्या प्रसंगी त्यांचा संयम शोभून दिसला. ज्या प्रसंगी तिचा भार दुसऱ्या कोणावर पडला, त्या प्रसंगी तोच संयम उणा पडला. अकरा वर्षांच्या मुलीला कोणी काही विचारले नव्हते. पुढे तिला शिकवून त्यांनी त्या चुकीची शक्य तितकी भरपाई केली, ही गोष्ट निराळी. यातून एक कसोटी हाती लागते. वरिष्ठाशी जुळवून घेताना स्वतःची गैरसोय होत असेल, तर ती सोसण्याचा अधिकार आपल्याला आहे. पण त्याची किंमत आपल्याहून दुबळ्या माणसाने मोजावयाची असेल, तर त्या जुळवून घेण्याला शहाणपण म्हणता येत नाही.

शिक्षा कोणाला होते?

येथे जव्हार-मोखाड्याकडे पुन्हा वळणे भाग आहे. १९४८ पर्यंत जव्हार हे मुकणे घराण्याचे संस्थान होते. नंतर हा मुलूख ठाणे जिल्ह्यात आला आणि १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यात. वारली, कोकणा, कातकरी, ठाकर, महादेव कोळी यांची ही वस्ती. १९९२-९३ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील बालमृत्यूंनी सारा महाराष्ट्र हादरला होता. पावसाळी भाताचे आणि नागलीचे पीक घरात आले, की कित्येक कुटुंबे उचल घेऊन वीटभट्ट्यांवर निघून जातात आणि त्यांच्याबरोबर मुलांची शाळाही सुटते. अशा ठिकाणी खरे तर सर्वांत उमेदीचा शिक्षक, सर्वांत दक्ष कारकून आणि सर्वांत कनवाळू डॉक्टर यावयास हवा. त्याऐवजी ज्या भागाचे नाव घेऊन माणसांना धाक घालावयाचा, तो भाग म्हणून याची ख्याती झाली आहे.

वरिष्ठाने कारकुनाला शिक्षा म्हणून येथे धाडले आणि कारकुनाने ती शिक्षा म्हणून भोगली, तर ती खरोखर कोणाला होते? जातीच्या दाखल्यासाठी पाड्यावरून दहा मैल चालत आलेल्या म्हाताऱ्याला ती होते. साहेबावरचा राग ज्याच्या फळ्यावर उमटतो, त्या वर्गातील वारली मुलांना ती होते. सोमवारी दुपारी येणाऱ्या आणि शुक्रवारी दुपारी निघणाऱ्या नोकरदाराला फक्त गैरसोय होते. वरून आलेला अन्याय खाली ढकलून देणे ही नोकरशाहीची सर्वांत जुनी खोड आहे आणि अन्याय सोसलेली माणसेच ती पुष्कळदा जोपासतात.

शासनानेही आपला वाटा उचलला पाहिजे. आदिवासी भागातील नेमणुकीस वेतनात लाभ देण्याची योजना आहे आणि प्राथमिक शिक्षकांच्या बदल्यांसाठी २०१७ च्या धोरणात अवघड क्षेत्राची निराळी गणना झाली. या गोष्टी योग्यच आहेत. पण जोपर्यंत एकच नेमणूक कागदावर प्रोत्साहन आणि कचेरीत धमकी म्हणून वापरली जाते, तोपर्यंत लाभाचा उपयोग मर्यादितच राहील. मुदतपूर्व बदलीची लेखी कारणे मागण्याचा हक्क कर्मचाऱ्यांनी वापरावा आणि त्यांच्या संघटनांनी तो वापरण्यास त्यांना बळ द्यावे. रानडे यांच्या काळी हा हक्क नव्हता. आज तो आहे, म्हणून निमूटपणे सोसण्याला त्यांचे उदाहरण देऊ नये. ते निमूट कधीच नव्हते.

मात्र हक्कासाठी अर्ज केल्यानंतर आणि त्याचे उत्तर येईपर्यंत मधले दिवस असतात, आणि नोकरीतील आयुष्य बव्हंशी त्या मधल्या दिवसांचेच बनलेले असते. नाशिकातील आणि धुळ्यातील रानडे यांचे दिवस तसेच होते. त्या दिवसांत त्यांनी खटले वेळेवर निकालात काढले, लेख लिहिले, ग्रंथकार जमविले, पत्नीला शिकविले. आपल्याला जेथे पाठविले, तेथील माणसांनी आपला काही अपराध केलेला नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते. मोखाड्याच्या एखाद्या शाळेत या जून महिन्यात नाखुशीने रुजू होणाऱ्या शिक्षकाने एवढे एक ध्यानात ठेविले, तरी त्याच्या वरिष्ठाने योजिलेल्या शिक्षेतील निम्मी धार निघून जाईल. उरलेल्या निम्मीसाठी त्याने अर्ज अवश्य करावा.